नेमणुकीआधीची तपासणी आणि तिची हद्द

नेमणुकीआधीच्या वैद्यकीय तपासणीचा हेतू एकच असतो: उमेदवार नेमून दिलेले काम सुरक्षितपणे करू शकेल का, हे पाहणे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकडीवर चढून दुरुस्ती करणाऱ्याला फेफरे किंवा चक्कर येते का, हे विचारणे रास्तच. कार्यालयात बसून हिशेब लिहिणाऱ्याला तोच प्रश्न कशासाठी?

हद्द ओलांडली जाते ती छापील अर्जात. आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात महिला उमेदवारांना पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, गर्भपात झाला आहे का, असे विचारले जाई. गरोदरपण लपवल्याचा ठपका ठेवून परिवीक्षेवरील एका कर्मचारी महिलेला काढून टाकले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तिला कामावर परत घ्यायला लावले आणि असले रकाने अपमानास्पद ठरवून गाळायला सांगितले. हा निकाल प्रत्येक आस्थापना विभागाने वाचावा असा आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हेच सूत्र पुढे नेले. एचआयव्हीबाधित हंगामी कामगार काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ संसर्गामुळे त्याला नोकरी नाकारता येत नाही. २०१७च्या कायद्याने तर नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यासच मनाई केली.

खासगी कारखान्यांत आणि ठेकेदारांकडे मात्र तपासणीचे अहवाल सर्रास थेट मालकाच्या टेबलावर जातात. तिथे पोचायला हवा तो डॉक्टरांचा ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढाच शेरा. रक्त-लघवीचे कागद उमेदवाराच्याच हाती राहावेत.