तयार सिस्टर फुकट का देता?

महाराष्ट्र शासनास,


फेब्रुवारी २०२४ मध्ये तुम्ही जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलात. पहिल्या टप्प्यात १०,००० जण पाठवायचे, त्यांत नर्सही आल्या, आणि त्यांना जर्मन शिकवायचा खर्च तुमचा. प्रत्यक्षात किती जणी विमानात बसल्या हा भाग निराळा. मला लागलं ते तुमच्या हिशेबाचं.

भाईंदरच्या एका खासगी रुग्णालयातून मी इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा करून आलेल्या मुलीला पहिलं वर्ष नुसतं सांभाळायचं असतं. व्हेन मिळत नाही, हात थरथरतो, नाईटला बाथरूममध्ये जाऊन रडते. तिसऱ्या वर्षी तीच मुलगी आयसीयू एकटी पेलते. पेशंट बिघडायला लागलाय हे तिला मॉनिटरच्या आधी कळतं. नेमकी तेव्हाच ती जाते, कारण बाहेरच्यांना अनुभवीच हवी असते. मागे उरलेल्यांना डबल ड्युटी, आणि पुन्हा एक रडणारी नवी मुलगी. हे शिकवणं कुठल्या ताळेबंदात लिहिलंत? तिने घरी पाठवलेले युरो मात्र बरोबर मोजले जातात.

जाणाऱ्या पोरींवर माझा राग नाही. ज्या पगारात मीरा रोडला वन रूम किचनचं भाडं सुटत नाही, तिथे त्यांनी का थांबावं? मुंबईतच जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी सत्तरच्या दशकात सुचवलं होतं, की परदेशी गेलेल्या शिकलेल्यांच्या कमाईवर कर लावून तो पैसा मायदेशाला द्यावा. विद्वानांपुढे मी काय बोलणार, पण पोरीकडून कशाला? जो तिला तयार नेतो त्याच्याकडून घ्या की! जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची आचारसंहिताही सांगते, की नेणाऱ्या देशाने देणाऱ्याच्या आरोग्यव्यवस्थेला हातभार लावावा. बंधनकारक नाही ती, म्हणून तर करारात लिहून घ्यायचं असतं.

आपल्याच डॉक्टर मुलांना तुम्ही बाँड घातलात. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालात तर एक वर्ष सेवा करा, नाहीतर १० लाख भरा, हा नियम वर्षानुवर्षं चालवलात. घरच्या लेकरांशी इतके काटेकोर, आणि पाहुण्यासाठी शिकवणीचे पैसेही आपल्याच खिशातून?

केरळनेही २०२१ मध्ये जर्मनीशी नर्सचा करार केला. अशा करारात नर्सचा, जर्मनीचा आणि आपला असा तिघांचाही फायदा असतो म्हणे. मग आमच्याकडे बघा. मीरा-भाईंदरची वस्ती २०११ च्या जनगणनेतच ८ लाखांवर गेली होती. तरी मोठं दुखणं आलं की अजून आमची ॲम्ब्युलन्स दहिसर चेकनाका ओलांडून मुंबईकडेच पळते. यात आमचा फायदा मला तरी दिसला नाही.

दर नर्समागे एका नव्या नर्सच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च जर्मनांकडून घ्या आणि तो ठाणे जिल्ह्यातल्या नर्सिंग शिक्षणावरच घाला. कंत्राटी सिस्टरांना कायम करा. करारात असं एखादं कलम असेलच, तर ते मराठीत छापून आमच्यापर्यंत पोचवा. नसेल तर पुढच्या बैठकीत घाला.

आपली,
भाईंदर पश्चिमेची एक निवृत्त सिस्टर