विश्लेषण : जुने वेब अ‍ॅप्लिकेशन मुक्तस्रोत ‘डॉटनेट’वर नेताना काय बदलते?

संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘एएसपीएक्स’ ही अक्षरे दिसली, की ते पान बहुधा मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ‘डॉटनेट फ्रेमवर्क’वर चालत असते. आपल्याकडील अनेक सरकारी संकेतस्थळांवर ती आजही दिसतात. ही व्यवस्था फक्त विंडोजवर चालते. लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालणारा तिचा मुक्तस्रोत वारसदार २०१६ मध्येच आला. तरीही स्थलांतर रखडते. असे का?

वारसदार कसा आला?

डॉटनेट फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती २००२ मधली. एकेकाळी लिनक्सला कडाडून विरोध करणाऱ्या मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१४ मध्ये धोरण बदलले आणि ‘डॉटनेट कोअर’चा कोड खुला करण्याची घोषणा केली. जून २०१६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. २०२० मध्ये ‘कोअर’ हा शब्द गळाला आणि ‘डॉटनेट ५’ हे नाव रूढ झाले.

फायदा काय?

अ‍ॅप्लिकेशन लिनक्स सर्व्हरवर चालू शकत असल्याने विंडोज सर्व्हरच्या परवान्याचा खर्च वाचू शकतो. वेगही वाढतो. मायक्रोसॉफ्टचेच ‘बिंग’ हे सर्च इंजिन २०१८ मध्ये डॉटनेट कोअर २.१ वर गेले, तेव्हा सर्व्हरच्या अंतर्गत प्रतिसादाचा वेळ ३४ टक्क्यांनी सुधारल्याचे कंपनीने सांगितले होते. मात्र मूळ दुखणे डेटाबेसमध्ये असेल, तर केवळ फ्रेमवर्क बदलून ते बरे होत नाही.

अडते कुठे?

‘एएसपीएक्स’ पानांमागचे ‘वेब फॉर्म्स’ हे तंत्र नव्या डॉटनेटमध्ये नाही. त्यामुळे असे प्रत्येक पान नव्याने लिहावे लागते. लहान गोष्टीही नडतात. फाइलच्या नावातील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत विंडोज सहसा भेद करत नाही, लिनक्स करते. परिणामी कालपर्यंत दिसणारा लोगो सर्व्हर बदलताच गायब होऊ शकतो.

मग सगळे एकदम बदलावे का?

नाही. २०१९ मध्ये आलेली फ्रेमवर्कची ४.८ आवृत्ती विंडोजचाच भाग असल्याने तिला सुरक्षा अपडेट मिळत राहतात. म्हणजे जुने घर उद्याच कोसळणार नाही. शिवाय वर्षानुवर्षांचे कामकाजाचे नियम जुन्या कोडमध्येच दडलेले असतात. सरसकट पुनर्लेखनात ते हरवतात. त्यापेक्षा पुढे ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ बसवून एकेक पान नव्या व्यवस्थेकडे वळवणे सुरक्षित. उरलेली पाने तोवर जुन्या व्यवस्थेवरच चालतात.

खरा खर्च कोणता?

मुक्तस्रोत म्हणजे बिनखर्ची नव्हे. नव्या डॉटनेटची आवृत्ती दरवर्षी नोव्हेंबरमध्ये येते आणि दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही तीनच वर्षे आधार मिळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘डॉटनेट ८’ची मुदत नोव्हेंबर २०२६ पर्यंतच आहे. एकदा बसवून दशकभर विसरून जाण्याची जुनी सवय येथे चालणार नाही. म्हणूनच स्थलांतराच्या निविदेत पुढील अद्ययावतीकरणाची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी. ती नसेल, तर परवान्याचे पैसे वाचतील. पण काही वर्षांत नागरिकांची माहिती सुरक्षा अपडेट बंद झालेल्या व्यवस्थेवर उभी असेल.