लावणीचा शेवटचा चरण आणि गाळलेली नावे

१/ लोकगीताला कर्ता नसतो, ते लोकांच्या ओठी आपोआप उगवते, असे शालेय निबंधांपासून रंगमंचावरच्या सूत्रसंचालकांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. लावणीपुरते तरी हे विधान खोटे आहे. लावणीचा कर्ता गाण्यातच ठाण मांडून बसलेला असतो. त्याला तेथून कोणी उठवले आणि त्याच्या शेजारी कोणाला कधी बसूच दिले नाही, याची ही हकीकत. सुरुवात मिरजेपासून. #थ्रेड

२/ मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यापासून जवळच सतारमेकर गल्ली आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणाचे लाकूड येथे येते आणि सतार किंवा तंबोरा होऊन देशभर जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. येथील वाद्यावर कारागिराचे नाव असते. मैफलीत ते कोणी वाचत नाही, पण दुरुस्तीला वाद्य परत आले की कारागीर सर्वप्रथम तेच पाहतो.

३/ ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांची. संस्थानी लढाया संपल्या, शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर आणि त्यांच्या आप्तांनी पोलादावरचा हात लाकडावर वळवला. शिकलगार हा शब्द येथे लक्षात ठेवावा, कारण पेशवाईच्या उत्तरार्धातला एक श्रेष्ठ लावणीकारही शिकलगारच होता. जेजुरीचा सगनभाऊ. धर्माने मुसलमान, व्यवसायाने हत्यारे घासणारा, आणि मराठी शृंगारकाव्यातील एक अव्वल नाव.

४/ त्याच्या समकालीनांची यादी पाहिली तरी 'लोक' या शब्दाचा गोलमालपणा ध्यानात येतो. होनाजी गवळी. परशराम शिंपी. राम जोशी सोलापूरचे ब्राह्मण. अनंत फंदी संगमनेरचे, प्रभाकर कोकणातल्या मुरूडचे. प्रत्येकाचा धंदा, गाव आणि जात ठाऊक आहे. इतकी माहिती असलेल्या रचनांना 'अनामिक लोकपरंपरा' म्हणणे हा आळस आहे.

५/ ही माहिती टिकली कशी? बखरींमुळे नव्हे. ती टिकली लावणीच्या शेवटच्या चरणामुळे. रचनेच्या अखेरीस कवी स्वतःचे नाव गुंफतो. तिला नाममुद्रा म्हणतात. अभंगात तुकोबा, नामदेव, जनाबाई जे करतात तेच फडावर शाहीर करतो. फरक इतकाच की संताची मुद्रा नम्रतेची असते आणि शाहिराची बहुधा छाती काढलेली. कधी गुरूचे, कधी साथीदाराचे नावही तीत येते.

६/ यामागे निव्वळ हौस नव्हती. फड एकमेकांचे प्रतिस्पर्धी असत. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र-रात्र सवाल-जवाब करीत. एका फडाची चांगली रचना दुसऱ्या फडाच्या बाडात उतरायला वेळ लागत नसे. स्वामित्वहक्काचा कायदा नव्हता, छपाई नव्हती. अशा काळात आपली वस्तू आपली आहे हे सिद्ध करण्याचा एकच मार्ग होता: नाव अशा ठिकाणी कोरायचे की ते काढले तर वृत्त मोडेल आणि यमक लंगडे होईल. मिरजेचा कारागीर लाकडावर जे करतो ते शाहिराने अक्षरांत केले.

७/ येथे होनाजी-बाळा या जोडनावाकडे थांबून पाहिले पाहिजे. पुष्कळांना तो एकच माणूस वाटतो. वस्तुतः होनाजी शिलारखाने हा कवी आणि बाळा करंजकर हा गाणारा. जातीने एक गवळी, दुसरा शिंपी. दोघांची नावे एकत्र जोडली गेली आणि तशीच राहिली. रचणारा आणि गाणारा यांना समान मान देणारी इतकी स्वच्छ व्यवस्था मराठी संगीतात नंतर क्वचितच दिसते. १९५१ साली व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' आला आणि होनाजी घराघरांत पोहोचला. मात्र त्या भूपाळीची आज जी चाल सर्वांना पाठ आहे, ती वसंत देसाईंची आहे.

८/ आता सांगलीकडे. वाळवे तालुक्यातले रेठरे हरणाक्ष, कृष्णाकाठचे गाव. (सांगली जिल्हा तेव्हा नव्हता, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याचे सांगली झाले. म्हणून जुन्या लिखाणात हे गाव साताऱ्याचे.) येथे १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. कुलकर्ण्याच्या पोराने दप्तर सांभाळायचे, जमाबंदी लिहायची. हा मुलगा तमाशाच्या फडात गेला, आणि श्रीधरपंतांचे पठ्ठे बापूराव झाले.

९/ जातीने त्यांना टाकले, प्रेक्षकांनी उचलून धरले. त्यांनी स्वतः दोन लाख लावण्या रचल्याची आख्यायिका आहे. रोज दहा लावण्या लिहिल्या तरी चौपन्न-पंचावन्न वर्षे लागतील, तेव्हा हा आकडा शाहिरी हिशेबाचा मानावा. पण गण, गौळण, लावणी आणि वग यांत त्यांनी आणलेला भाषेचा ठसका आकड्यावर अवलंबून नाही. मुंबईचे वर्णन करणारी त्यांची लावणी तर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या त्या शहराचे साधन म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेही हलाखीत.

१०/ मग हा शेवटचा चरण गेला कोठे? त्याची पहिली कापणी यंत्राने केली. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. फडावर अर्धा-अर्धा तास रंगणारी रचना त्यात बसवायची तर मुखडा गाळता येत नाही, कारण लोक गाणे त्यावरून ओळखतात. पहिले कडवेही गाळता येत नाही. मग जाणार ते शेवटचे कडवे, आणि नेमके त्यातच कवी बसलेला.

११/ यातली गंमत अशी की त्याच यंत्राने नवी मुद्रा निर्माण केली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केले तेव्हा गाण्याच्या अखेरीस आपले नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथील तंत्रज्ञांना कोणाचा आवाज आहे हे कळणे आवश्यक होते. अनेक कलावंतांनी ही पद्धत उचलली. म्हणजे गाण्याच्या शेवटी नाव येण्याची चाल मोडली नाही. नावाचा मालक बदलला. कवी उठला आणि त्या जागी गायक बसला.

१२/ दुसरी कापणी अधिक प्रतिष्ठित हातांनी झाली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि संगीत नाटक सुरू झाले. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल हे त्याच परंपरेतले. या नाटकांच्या छापील प्रती आणि पद्यावल्या पाहिल्या तर बहुतेक पदांवर बारीक अक्षरांत 'चाल' असे लिहून दुसऱ्या एखाद्या गाण्याचे आरंभीचे शब्द दिलेले आढळतात. कीर्तनातली चाल, कानडी पदाची चाल, लावणीची चाल. कर्ज घेतल्याची इतकी प्रामाणिक नोंद अन्य कोठे सापडणे कठीण. परंतु कर्ज कोणाकडून घेतले, त्या सावकाराचे नाव तेथे नसते. लावणीचा मुखडा नाटकात आला, मुद्रेचा चरण फडावरच राहिला.

१३/ सुशिक्षित मराठी समाजाला लावणीची चाल हवी होती, लावणीकाराची सोबत नको होती, असा याचा अर्थ काढल्यास तो कठोर वाटेल, पण चुकीचा ठरणार नाही. नाटकाच्या छापील प्रतीमुळे पदकर्ता सुरक्षित झाला. बाडातला शाहीर मात्र स्मरणशक्तीच्या भरवशावर राहिला.

१४/ अर्थात छापील नाव असूनही कवी हरवू शकतो, आणि याचे उदाहरण मिरजेतच आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेच्या प्रवासात सिंगपेरुमाळ कोईल स्थानकावर त्यांनी देह ठेवला आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. त्यांनी गायिलेले 'चंद्रिका ही जणू' हे देवगांधारातले पद आजही रसिकांच्या कानात आहे. ते 'खाँसाहेबांचे' म्हणूनच ओळखले जाते. १९११ सालच्या 'मानापमान' नाटकातले हे पद लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर शेजारच्या सांगलीत जन्मलेले. संगीत गोविंदराव टेंबे यांचे. मिरज आणि सांगली यांत दोन कोसांचे अंतर, पण गाणे लिहिणाऱ्या गावाचे नाव गाणाऱ्या गावापर्यंत पोहोचत नाही.

१५/ हे केवळ मराठी दुखणे नाही. अमेरिकेतील ग्रामीण 'कंट्री' संगीताच्या इतिहासात १९२७ हे वर्ष निर्णायक मानतात. त्या उन्हाळ्यात टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरच्या ब्रिस्टल गावी राल्फ पीअर या ध्वनिमुद्रकाने डोंगराळ भागातले गायक गोळा केले. त्यांत कार्टर कुटुंब होते. पुढे ए. पी. कार्टर गावोगाव फिरून जुनी गाणी जमवीत, आणि ती त्यांच्या नावावर नोंदली जात. सोबतीला लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द टिपून घेत आणि रिडल चाल कानात साठवून परत आणी. तबकडीवर रिडलचे नाव नाही. 'लोकांचे' गाणे कोणाच्या तरी मालकीचे झालेच, फक्त ज्याचा कान वापरला गेला त्याच्या नव्हे.

१६/ त्याच १९२७ साली महाराष्ट्रात महाडचा सत्याग्रह झाला. पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न या लढ्याला देऊ केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. बापूरावांच्या चाहत्यांना हा प्रसंग अजून बोचतो, आणि तो त्यांच्या चरित्रात पुष्कळदा हलक्या हाताने उरकला जातो. तो तसा उरकता कामा नये.

१७/ कारण या नकारात एक नाव दडलेले आहे: पवळा. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा येथील महार समाजात जन्मलेली ही कलावंत. बापूरावांच्या फडाची कीर्ती तिच्या गळ्यावर आणि अदाकारीवर उभी होती. लोक तिकीट काढून येत ते तिला पाहायला आणि ऐकायला. लावणी संपताना मात्र तिच्याच तोंडून जी मुद्रा उच्चारली जाई, ती बापूरावांची. ब्राह्मण कवीने जात सोडली याचे त्यागकथेत रूपांतर झाले. पवळेला सोडायला जात नव्हतीच. तिला तर तीच जात मंचावर आणत होती.

१८/ येथे नाममुद्रेच्या भाबड्या गौरवाला लगाम घालावा लागतो. मुद्रा कवीला वाचवते. पण गाणारीला, ढोलकीवाल्याला, चाल बसवणाऱ्याला ती वाचवत नाही. बाळा करंजकर सुदैवी, कारण तो पुरुष होता आणि कवीच्या बरोबरीने फडाचा धनी होता. शिवाय मुद्रा खोटीही असू शकते. लोकप्रिय शाहिराच्या नावावर इतरांनी रचना खपवल्या, नक्कल करताना नावे बदलली. तेव्हा 'शेवटी नाव आहे म्हणजे त्याचीच' असा निकाल अभ्यासकाने देऊ नये. बाडे ताडून पाहणे, भाषा आणि उल्लेख तपासणे याला पर्याय नाही.

१९/ तरीही कापलेल्या चरणापेक्षा संशयास्पद चरण बरा. संशयाची तपासणी करता येते; जे गायलेच जात नाही त्याची करता येत नाही. आजच्या 'पारंपरिक लावणी महोत्सवां'त मुखडा आणि दोन कडवी होतात, शिट्ट्या पडतात आणि पडद्यावर 'पारंपरिक' हा शब्द झळकतो. या एका शब्दाने सगनभाऊचे मुसलमान असणे, परशरामाचे शिवणकाम आणि पवळेची जात एका फटक्यात पुसली जाते. बिनचेहऱ्याची परंपरा कोणालाही अडचणीत टाकत नाही, म्हणून ती सर्वांना प्रिय असते.

२०/ वाळवे तालुक्यातच, वाटेगावी, १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी हे फडाचे तंत्र कामगारांच्या लढ्यात आणले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभांतून गाजली ती अमर शेखांच्या आवाजात. येथे मात्र दोघांचीही नावे शाबूत राहिली. चळवळीने कवीला आणि गायकाला दोघांनाही आपले मानले, म्हणून.

२१/ मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात किंवा अन्यत्र लावणीचा कार्यक्रम असेल, तर फर्माईशीच्या चिठ्ठ्या वर जातात. त्यांत बहुधा गाण्याचे नाव आणि पाठवणाऱ्याचे नाव असते. चिठ्ठीवर एवढेच जास्त लिहिता येईल: 'शेवटच्या कडव्यासह'. आणि गाणारीने ते म्हटले, तर खाली बसलेल्यांनी तिचे नाव विचारून घ्यावे.