बलबीर पाशाचे धाकटे भाऊ

बलबीर पाशा आठवतोय? नाही ना? साहजिक आहे. २००२ च्या अखेरीस तो मुंबईत अवतरला, तेव्हा तुमच्यापैकी बरेचजण पाळण्यात नाहीतर पहिली-दुसरीत असणार. पण तेव्हा लोकलचे धक्के खाणाऱ्या कुणालाही विचारा. होर्डिंगवर, बसवर, टीव्हीवर, जिकडे तिकडे एकच प्रश्न: बलबीर पाशाला एड्स होणार का? हा पाशा कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही. पण अख्खं शहर त्याच्या तब्येतीची काळजी करत होतं!

पीएसआय या संस्थेची ती एड्सविरोधी मोहीम होती. त्या जाहिरातींमधून पाशाच्या तीन सवयी कळायच्या. एक, तो एरवी कंडोम वापरतो, पण दारू चढली की विसरतो. दोन, तो फक्त मंजुळाकडेच जातो. पण मंजुळाकडे आणखी कुणी जात असेल तर? आणि तीन, समोरची व्यक्ती धडधाकट दिसली की तो निर्धास्त.

तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा कुणीतरी ‘तसल्या’ वस्तीत जाणारा माणूस. आपला काय संबंध?

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाशी गप्पा मारताना मात्र मला हा पाशा हटकून आठवला. भाऊ एकोणीस वर्षांचा, एसवायला आहे.

‘‘ताई, एक विचारू? आईला सांगणार नाहीस ना?’’

‘‘विचार की.’’

‘‘माझा एक मित्र आहे...’’

हा मित्र प्रत्येक पिढीत असतो आणि त्याला कधीच नाव नसतं. तर या मित्राचं आणि त्याच्या गर्लफ्रेंडचं ‘सगळं’ झालं होतं. कंडोम नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं केमिस्टकडची गोळी घेतली. ‘‘म्हणजे आता टेन्शन नाही ना?’’

‘‘प्रेग्नन्सीचं बरंच कमी झालं. इन्फेक्शनचं काय?’’

‘‘काहीतरीच काय, ताई! ती तसली नाहीये. ती फक्त त्याच्याच बरोबर असते.’’

‘‘आणि त्याच्या आधी?’’

‘‘आधीच्याशी कधीच ब्रेकअप झालंय!’’

घ्या! मंजुळा परत आली की नाही? ब्रेकअप झालं की फोटो डिलीट होतात, जंतू होत नाहीत. एका वेळी एकच पार्टनर असला, तरी मागच्यांची साखळी बरोबर येतेच. आणि यात कुणी ‘तसलं’ असावं लागत नाही.

या वयातल्या मुलांना भीती दोनच गोष्टींची असते, दिवस जाण्याची आणि घरी कळण्याची. पहिलीवर गोळी आणि दुसरीवर पासवर्ड, झालं काम! पण ती गोळी एचआयव्ही, सिफिलिस, गोनोरिया यांतलं काहीच अडवत नाही. आजीच्या काळी गरमी आणि परमा म्हणायचे, तेच हे आजार. ते कुठेही गेलेले नाहीत. क्लॅमिडियाची तर बहुतेक मुलींमध्ये लक्षणंच दिसत नाहीत. उपचार राहून गेले तर गर्भनलिका खराब होऊ शकतात आणि त्याचा पत्ता लागतो तो काही वर्षांनी, लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर. त्यात किशोरवयात गर्भाशयाच्या तोंडाचा भाग जास्त नाजूक असतो, त्यामुळे संसर्ग चटकन होतो. आणि अशा आजाराची जखम असेल तर एचआयव्हीला आत शिरायला आयती वाट मिळते.

हे यांना सांगणार कोण? र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ मध्ये आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं १९२७ मध्ये. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, याच महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली. कारण काय, तर संस्कृती! आई-बाबा ‘वेळ आली की कळेल’ म्हणतात. डॉक्टरकडे जायचं तर अठराच्या आतल्यांना आणखी एक धास्ती. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात त्यांची संमती धरली जात नाही आणि डॉक्टरांना पोलिसांत कळवावंच लागतं. मग मुलं गप्प बसतात आणि मित्राच्या मित्राला विचारतात.

म्हणून बॉस, पाळी आपली आहे. तुम्ही पंचविशी-तिशीतले दादा आणि ताई. तुम्ही पालकांइतके मोठे नाही आणि मित्रांइतके अडाणीही नाही (निदान नसावं!). तेव्हा एवढं पाठ करून ठेवा.

कंडोम प्रत्येक वेळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एचपीव्ही आणि हर्पीस त्वचेच्या स्पर्शानंही पसरतात, तिथं त्याचं संरक्षण अर्धवट असतं. एचपीव्हीवर लस आहे. पुण्याच्या सीरमची देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. ती पहिल्या संबंधाच्या आधी घेतलेली उत्तम आणि मुलग्यांनाही देता येते.

सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया योग्य औषधांनी बरे होतात. पण औषध दोघांनीही घ्यायचं, नाहीतर आजार घरच्या घरी परत येतो.

एचआयव्हीचा धोका वाटला तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठायचा. २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं असतात आणि जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी. चाचणी लगेच निगेटिव्ह आली म्हणून पार्टी करायची नाही. पहिले काही आठवडे संसर्ग चाचणीत दिसत नाही, त्यामुळे डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करायची. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात चाचणी मोफत होते आणि गुप्त राहते. अठराच्या खाली मात्र पालकांची संमती लागते. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही एड्सची मोफत हेल्पलाइन आहे. आणि जबरदस्ती झाली असेल तर ‘कुणाला सांगू नकोस’ असं चुकूनही म्हणायचं नाही. लहान मुलांसाठी १०९८ आहे.

पॉझिटिव्ह आली तर? तर आयुष्य संपत नाही. रोजच्या गोळ्यांनी विषाणू इतका दबतो की रक्तात सापडत नाही आणि मग तो संबंधांतून दुसऱ्याकडे जातही नाही. हे तर त्या पोरांना आवर्जून सांगा. घाबरलेला माणूस चाचणीच करत नाही.

माझ्या भावाचा ‘मित्र’ आणि त्याची मैत्रीण दोघंही चाचणी करून आले. रिपोर्ट काय आले, ते मी विचारलं नाही. मी एवढंच विचारलं, पुढची तारीख कधीची आहे? ती त्याला पाठ होती.

तेव्हा पुढच्या गेट-टुगेदरला एखादं पोरगं कोपऱ्यात घेऊन ‘माझा एक मित्र आहे’ म्हणालं, तर हसू नका. मित्राचं नावही विचारू नका. खुर्ची ओढा आणि म्हणा, ‘‘बोल.’’