फावल्या वेळचा उद्योग?

लेस विणण्याच्या कार्यशाळेत मी नाव घातले तेव्हा मैत्रिणी हसल्या. "अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आणि हे बायकी उद्योग?" खरे सांगायचे तर मलाही ते काम फावल्या वेळचेच वाटत होते.

दोन सुया, पांढरा सुती दोरा आणि फक्त सहा टाके. रुमालाची लेस आडवी विणतात, म्हणून टाके थोडे असले तरी हवी तेवढी लांबी मिळते. एका ओळीत सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा. तेथे जाळीचे भोक पडते आणि एक टाका वाढतो. परतीची ओळ साधी. असे तीनदा केले की सहाचे नऊ टाके होतात. शेवटच्या परतीच्या ओळीत तीन टाके बंद केले की एक कंगोरा पुरा! ऐकायला सोपे, पण माझा एक वेढा सुटला आणि ते ध्यानात आले तीन कंगोऱ्यांनंतर. सगळे उसवले. दोन तासांत जेमतेम वीतभर लेस झाली.

तेव्हा आईची आठवण झाली. मी शाळेत असताना ती एका दुकानदारासाठी क्रोशाची लेस विणून देई. पैसे हातावर मोजून, म्हणजे लेसच्या लांबीवर. तास कोणी मोजले नाहीत. "घरबसल्याच तर करता," असे तो म्हणे आणि आईलाही ते पटे.

आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. या स्त्रियांची लेस परदेशी जाई. पण त्यांना कामगार न मानता गृहिणी मानले गेले, म्हणून त्यांचे श्रम फावल्या वेळचे ठरले आणि मोबदला तुटपुंजा राहिला, असे त्या दाखवून देतात. माझ्या आईची गोष्ट याहून वेगळी ती काय?

माझे म्हणणे एवढेच, की अशा कार्यशाळा अवश्य व्हाव्यात, मुलांनीही त्यांत बसावे. पण टाके मोजायला शिकवताना तासही मोजायला शिकवावेत. नाहीतर आपण मुलींच्या हाती कला देऊ आणि तिचे मोल ठरवणे दुकानदाराकडेच ठेवू.

घरी आल्यावर आईला विचारले, "एक हात लेसला तुला किती वेळ लागे?" ती म्हणाली, "अगं, कोण मोजतंय!"

माझ्या रुमालाला अकरा तास लागले. मी मोजले आहेत.