लस, शंका आणि विश्वास

"अडाणी लोकं, लस घेतच नाहीत!" हे वाक्य २०२१ साली शहरातल्या किती दिवाणखान्यांत ऐकू आलं असेल! लसीला नाही म्हणणारे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो गरीब देश, आडवळणाचं गाव आणि डोक्यावर पदर घेतलेली बाई. पण मैत्रिणींनो, आकडे वेगळंच सांगतात.

जुलै २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत, नेपाळ, पाकिस्तान, नायजेरिया, युगांडा, कोलंबिया अशा दहा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या लोकांना विचारलं होतं, कोरोनाची लस मिळाली तर घ्याल का? सरासरी ८० टक्के लोक 'हो' म्हणाले. श्रीमंत अमेरिकेत हेच प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास होतं, तर रशियात अवघं ३० टक्के! नको म्हणणाऱ्यांना सर्वांत जास्त भीती होती ती दुष्परिणामांची. आणि लसीबाबत विश्वास कुणावर? तर आरोग्य कर्मचाऱ्यांवर.

तोंडानं 'हो' म्हणणं आणि प्रत्यक्ष दंड पुढे करणं यात अंतर असतं, हे खरं. ते अंतर कशानं पडतं, हे आपल्या वऱ्हाडानं जवळून पाहिलं आहे.

दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात आधी इथेच लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अचलपूर आणि पाठोपाठ अकोला, अकोट, मूर्तिजापूर बंद झाले. एवढं होऊनही गावात लसीचं नाव काढलं की बाया मागे सरायच्या. बचत गटाच्या बैठकीत एकीनं मला सरळच विचारलं, "सुई घेतली अन् ताप आला, त दोन दिवस मजुरीले कोन जाईन?" यात अडाणीपणा कुठे आहे? हा तर रोखठोक हिशेब आहे. लस फुकट होती, पण तापाचे दोन दिवस फुकट नव्हते. पगारी रजा असणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही.

त्यात नियम बदलत राहिले. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मग सहा ते आठ झालं आणि मे २०२१ मध्ये थेट बारा ते सोळा. त्यामागे कारणं होती, पण ती गावापर्यंत कुणी पोहोचवली? त्याच महिन्यात १८ वर्षांवरच्यांचं लसीकरण मोबाइलवरच्या नोंदणीनं सुरू झालं. शहरातली मंडळी खेड्यातल्या केंद्रांवर जाऊन लस घेऊन आली आणि गावातली बाई बघत राहिली. वर पुन्हा 'गावकरी घेत नाहीत' हे आहेच!

धारणी-चिखलदऱ्याकडे, मेळघाटात, त्या उन्हाळ्यात लसीकरण चांगलंच अडखळलं होतं. तिथे धाकदपटशा उपयोगाचा नव्हता. कोरकू माणसाशी कोरकूतच बोलावं लागलं, ओळखीच्या माणसांना सोबत घ्यावं लागलं. विश्वास असा ओळखीच्या तोंडून येतो.

आपल्याकडे ते ओळखीचं तोंड म्हणजे गावची आशाताई. लस दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी ताप आला तर जिचं दार वाजवता येतं, ती. त्याच आशाताईंना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं. राज्यातल्या सुमारे ७० हजार जणी होत्या त्या. जिच्या शब्दावर सगळी मोहीम उभी, तिच्याच पदरात सर्वांत कमी. हे कोडं काही सुटत नाही!

आता आपल्या लेकीबाळींचा प्रश्न. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला अटकाव करणारी एचपीव्ही लस. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा रोग होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ हे वय त्यासाठी सर्वांत योग्य. तरीही आया बिचकतात आणि त्याला इतिहास आहे. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यांत ही लस प्रकल्प म्हणून दिली गेली. खम्ममला आदिवासी वसतिगृहांतल्या कितीतरी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुली दगावल्यावर २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. ते मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असं चौकशीत निघालं, पण संमतीतल्या हलगर्जीपणावर २०१३ मध्ये संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यात ताकाचा दोष नाही, पण फुंकणाऱ्यालाही हसू नये.

म्हणून आयांनो, ही लस टाळू नका, पण विचारून घ्या. कशासाठी आहे, डोस किती, ताप आला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा? उत्तर समजेल अशा मराठीत मागा. संमतीची सही स्वतः वाचून करा. आणि लेकीला लस दिली तरी तिशीनंतरची आपली स्वतःची तपासणी चुकवू नका.

आरोग्य खात्यालाही एवढंच सांगणं आहे. शंका विचारणारी बाई मोहिमेची शत्रू नसते. ती निम्मी तयार झालेली असते, म्हणूनच विचारते. तिला नीट उत्तर मिळालं की उद्या तीच शेजारणीला हाताला धरून केंद्रावर आणते.