अंतर थोडे, खोळंबा फार

कोल्हापूर आणि गोंदिया ही महाराष्ट्राची दोन टोके. विमानतळ दोन्हीकडे आहेत, आणि ते आजकालचे नव्हेत. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत सुरू झाला. गोंदियाजवळील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने बांधली. परंतु तेथे नियमित प्रवासी विमान उतरावयास मार्च २०२२ उजाडावा लागला. या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ८३० किलोमीटर भरते. ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान विमानास त्यासाठी दोन तास पुरेत. उलट आगगाडीने जावयाचे तर महाराष्ट्र एक्सप्रेसचा मार्ग सुमारे १,३४० किलोमीटरचा, आणि प्रवास एका दिवसाहून अधिक.

या दोन गावांमध्ये रोज थेट विमान सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. सत्तर आसनांचे विमान नित्य भरेल इतके उतारू या मार्गावर मिळणार नाहीत, हे विमान कंपन्यांचे म्हणणे रास्त आहे. मात्र थेट विमान नाही म्हणून प्रवाशाने द्राविडी प्राणायामच करावा, हे आम्हांस मान्य नाही. हैदराबादचा वळसा घेतला तरी अंतर ९६० किलोमीटरच्या आसपासच राहते आणि हवेतील वेळ तीन तासांच्या आतबाहेर. म्हणजे घोडे अंतरापाशी अडत नसून वेळापत्रकापाशी अडते. पहिले विमान पोहोचण्यापूर्वीच दुसरे निघून गेले, तर तीन तासांच्या प्रवासास मुक्कामाची रात्र जोडावी लागते. बँकेच्या वा सरकारी नोकरीनिमित्त गोंदियास राहणाऱ्या कोल्हापूरकरास घरच्या आजारपणाचा निरोप येतो, तेव्हा त्या एका रात्रीचे मोल काय, हे त्यालाच विचारावे.

यावरील उपाय आपल्याच भूमीवर एकदा करून दाखविण्यात आला आहे. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. त्यांतून उतारूही जात. चार विमानांची गाठ घालून देणे त्या काळी साध्या साधनांनिशी जमले. मग आज दोन विमानांची गाठ का पडू नये?

एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतील पहिले विमान निघाले आणि लहान शहरांना विमानप्रवासाची आशा वाटू लागली. ही योजना एकेका मार्गावरील तूट सार्वजनिक निधीतून भरून देते. लोकांचा पैसा जेथे खर्ची पडतो, तेथे लोकांच्या सोयीची अट घालण्याचा अधिकार शासनास निश्चितच आहे. विमाने सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा परस्परांस जुळत्या असाव्यात, संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकच असावे, आणि पहिले विमान उशिरा आल्यास पुढील सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहावी, एवढ्या तीन अटी राज्य व केंद्र सरकारांनी मिळून घालाव्यात. त्यासाठी नवी धावपट्टी नको की नवा विमानतळ नको.

१ मे १९६० पासून ही दोन्ही टोके महाराष्ट्र राज्यात नांदत आहेत. नागरिकाने निकडीच्या वेळी सकाळी घर सोडावे आणि दिवे लागण्यापूर्वी दुसऱ्या टोकास पोहोचावे, एवढी अपेक्षा त्या राज्याकडून करणे अवाजवी नव्हे.